लोकवाणी आणि इतिहास

लोकवाणी आणि इतिहास : सत्ता, संपत्ती किंवा विद्येचा अधिकार हाती नसलेल्या सामान्य लोकांचे मत सभेतील भाषण, न्यायासनापुढील साक्ष, चौकशी आयोगापुढील जबानी, सामुदायिक अर्ज, गीत आणि आठवण अशा विविध रूपांनी प्रकट होते. या सर्व रूपांना मिळून लोकवाणी ही संज्ञा स्थूलमानाने लावता येईल. लोकमत आणि लोकवाणी यांत भेद आहे. लोकमत ही समाजातील एक धारणा असते व ती पुष्कळदा अव्यक्त राहते. लोकवाणी ही ती धारणा उघडपणे उच्चारण्याची कृती होय. या कृतीमुळे बोलणाऱ्याला धोका संभवतो आणि ऐकणाऱ्यावर उत्तराची जबाबदारी येते; म्हणूनच तिला ऐतिहासिक महत्त्व प्राप्त होते.

इतिहासलेखनाचा प्रमुख आधार लिखित कागद हा आहे. परंतु कागद लिहिणारा आणि ज्याच्याविषयी तो लिहिला जातो तो माणूस हे बहुधा भिन्न असतात. शेतकरी, कारागीर, अस्पृश्य मानलेल्या जाती आणि स्त्रिया यांचा उल्लेख दप्तरांत येतो, तो देणेकरी, आरोपी किंवा करदाते म्हणून. त्यामुळे लोकवाणीचा इतिहास हा बऱ्याच अंशी बोललेला शब्द आणि लिहिलेला कागद यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास ठरतो. लोकांना एकत्र येऊन निर्भयपणे बोलता येणे, त्यांच्या बोलण्याची विश्वसनीय नोंद होणे आणि त्या नोंदीचे उत्तर देणे सत्तेला भाग पडणे, या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या, तेथे सामान्यांच्या वाणीने कायदे व संस्था बदललेल्या दिसतात. यांपैकी एकीचा जरी अभाव असला, तरी ती वाणी विरून गेली किंवा तिला उद्रेकाचे रूप आले.

पूर्वपीठिका : मराठी मुलखात इंग्रजी अंमलापूर्वी वतन, हद्द, वारसा इत्यादींविषयीचे तंटे गोतसभेपुढे चालत. या सभेत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर शेतकरी व बलुतेदारही उपस्थित असत. निवाड्याचा जो कागद होई, त्यास महजर म्हणत. त्यावर हजर असलेल्यांची नावे असत व निरक्षर माणसे आपल्या व्यवसायाचे निशाण करीत. पाटलाचा वा कुणब्याचा नांगर आणि शेट्याचा तराजू ही अशी परिचित निशाणे होत. लिहिणारा कुलकर्णी असला, तरी लिहिलेल्या मजकुराला उपस्थितांच्या तोंडी साक्षीचा पाठिंबा असे. गावच्या शिवेसंबंधीच्या तंट्यात महाराचा शब्द विशेष प्रमाण मानला जाई. कारण शिवेची राखण हे त्याचे काम होते.

तथापि ही व्यवस्था समतेवर आधारलेली नव्हती. शिवेविषयी ज्याची साक्ष निर्णायक ठरे, त्याच माणसाला गावच्या पाणवठ्यावर प्रवेश नसे. स्त्रियांचा शब्द मुख्यतः वतनाच्या वारशापुरता ऐकला जाई. म्हणजे सामान्य माणसाची वाणी ग्राह्य होती, पण ती त्याला नेमून दिलेल्या विषयापुरतीच. आपल्या स्थितीविषयी तक्रार करण्यास तीत फारसा वाव नव्हता.

नीळ आयोग (१८६०) : इंग्रजी अमदानीत शासकीय चौकशी आयोग हे एक नवे व्यासपीठ निर्माण झाले. त्याचे महत्त्वाचे प्रारंभिक उदाहरण बंगालमधील नीळ आयोगाचे होय. यूरोपीय मळेवाले आगाऊ रक्कम देऊन रयतेला निळीच्या लागवडीस बांधून घेत. एकदा घेतलेली उचल हिशेबात कधी फिटत नसे व ती वडिलांकडून मुलाकडे येई. १८५९ मध्ये नदिया, जेसोर इ. जिल्ह्यांतील रयतेने नीळ पेरण्याचे नाकारले. डब्ल्यू. एस. सीटन-कार यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८६० मध्ये एकूण १३४ साक्षी घेतल्या. त्यांत १५ सरकारी अधिकारी, २१ मळेवाले, ८ मिशनरी, १३ जमीनदार आणि ७७ रयत होते. निम्म्याहून अधिक साक्षी प्रत्यक्ष शेतकऱ्यांच्या असाव्यात, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. सक्तीच्या लागवडीची पद्धत सदोष असल्याचा निष्कर्ष आयोगाने काढला आणि त्यानंतर खालच्या बंगालमधील नीळधंदा झपाट्याने उतरणीस लागला. दीनबंधु मित्र यांच्या नीलदर्पण (१८६०) या नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याची कैद व एक हजार रुपये दंड झाला. रयतेची जबानी आयोगापुढे चालली, पण तोच आशय रंगभूमीवरून वा छापील पुस्तकातून मांडणे मळेवाल्यांना सहन झाले नाही, असा याचा अर्थ होतो.

दख्खनचे दंगे (१८७५) : कागद आणि वाणी यांतील संघर्षाचे सर्वांत बोलके उदाहरण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत घडले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि शेतकऱ्यास कर्ज सुलभपणे मिळू लागले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले. त्याच सुमारास जमीनमहसुलाच्या फेरआकारणीने सारा वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. ऋणकोचे हित साधावे हा तिचा हेतू होता. परंतु मुदत संपताच थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेण्याची रीत रूढ झाली. अक्षरशत्रू शेतकरी न वाचता त्यावर निशाणी करी. व्यवहार ठरताना तोंडी काय बोलणे झाले, ते रोख्यात येत नसे. न्यायालय मात्र रोखाच प्रमाण मानी.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे येथे सावकारांवर सामाजिक बहिष्कार पुकारण्यात आला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठून खतपत्रे व हिशेबाच्या वह्या मागितल्या आणि त्या जाळून टाकल्या. काही ठिकाणी धान्याची लूट व जाळपोळ झाली. पण व्यक्तींवरील गंभीर हल्ले तुलनेने थोडे होते. दंगेखोरांचा रोख माणसापेक्षा कागदावर होता, ही गोष्ट दंग्यांचे कारण पुरेसे स्पष्ट करते. ज्या कागदात आपला शब्द नाही, पण ज्यामुळे आपली जमीन जाते, तो नष्ट करण्यावाचून दुसरा उपाय त्यांना उरलेला नव्हता.

शासनाने नेमलेल्या आयोगाने शेतकरी, सावकार व अधिकारी यांच्या साक्षी घेतल्या. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. वाढीव साऱ्यापेक्षा सावकारीवर त्याचा भर होता आणि या बाबतीत शासनाने स्वतःवरील दोष टाळला, ही टीका रास्त आहे. तरीही त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा निष्पन्न झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्यान्वये न्यायालयाने केवळ रोख्यावर न थांबता मूळ व्यवहारापासूनची हकीकत तपासावी, असे ठरले. शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकापुढे व्हावेत, अशी तरतूद करण्यात आली आणि कर्जापायी होणाऱ्या कैदेपासून शेतकऱ्यास संरक्षण मिळाले. कागदामागील हकीकत ऐकण्याचे बंधन न्यायासनावर घालणे, हे या कायद्याचे मर्म होते. त्याची अंमलबजावणी अपुरी राहिली व सावकारी संपली नाही. परंतु अनक्षर माणसाच्या तोंडी कथनाला त्याने कायद्यात स्थान दिले.

सभा, अर्ज व वृत्तपत्रे : याच काळात लोकांच्या वतीने बोलणाऱ्या संस्था उदयास आल्या. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या प्रत्येक सभासदाने किमान पन्नास व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणावे, असा दंडक होता. प्रारंभीच्या ९५ सभासदांना सुमारे ६,००० लोकांनी असा अधिकार दिला होता. गणेश वासुदेव जोशी (१८२८–८०) आणि त्यांच्यानंतर न्यायमूर्ती म. गो. रानडे (१८४२–१९०१) यांनी तिला भक्कम पाया दिला. १८७६–७८ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून ती शासनापुढे मांडली. प्रतिनिधीने आपल्या अधिकाराचा पुरावा लोकांकडून आणावा, ही कल्पना येथे प्रथमच एवढ्या स्पष्टपणे दिसते. तथापि सभेचे सभासद बहुतांशी सुशिक्षित व मालमत्ताधारक वर्गांतील होते.

प्रतिनिधीवाचून बोलण्याचा प्रयत्न त्याआधीच झाला होता. जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीने आपल्या व महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ज्ञानोदय नियतकालिकाने १८५५ मध्ये छापला. दुःख ज्याचे, शब्दही त्याचेच, हे त्या निबंधाचे वैशिष्ट्य होते. फुले (१८२७–९०) यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला व १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगास निवेदन सादर केले. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो, पण त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, असे सांगून त्यांनी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. १८७५ मधील शेतकऱ्याला जो रोखा वाचता आला नव्हता, तो त्याच्या मुलाला वाचता यावा, हाच या मागणीचा व्यावहारिक अर्थ होता. शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ (१८८३) फुल्यांनी निरनिराळ्या ठिकाणी श्रोत्यांपुढे वाचून दाखविला. ज्यांच्यासाठी तो लिहिला, त्यांच्यापर्यंत तो कानांवाटेच पोहोचणे शक्य होते.

गिरणी कामगारांची सभा : सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व दीनबंधु पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी मुंबईतील गिरणी कामगारांना सभेचे माध्यम मिळवून दिले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे भरलेल्या कामगारांच्या सभेत रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत वेतन आणि अपघातात भरपाई या मागण्या करण्यात आल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या व निशाण्या असलेला अर्ज शासनाने नेमलेल्या कारखाना आयोगास सादर करण्यात आला. कामगारांना तक्रार नाही, असे मालकांचे म्हणणे होते. या अर्जाने ते खोडून निघाले.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्या काळी उच्चवर्णीय सुशिक्षित स्त्रीलाही सार्वजनिक व्यासपीठावर येणे दुर्घट होते, हे लक्षात घेता या घटनेचे महत्त्व कळून येते. त्या दोघींची भाषणे शब्दशः उपलब्ध नाहीत. मात्र त्या सभेनंतर त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचे स्वरूप दिले. भाषण नाहीसे झाले, परंतु त्याचा परिणाम आठवड्याच्या रचनेत टिकून राहिला. लोकवाणीच्या ऐतिहासिक कार्याचे स्वरूप बहुधा असेच असते.

चंपारणमधील जबान्या (१९१७) : बंगालमधून हटलेला नीळधंदा बिहारमध्ये टिकून होता. चंपारण जिल्ह्यात वीस कठ्ठ्यांच्या प्रत्येक बिघ्यामागे तीन कठ्ठ्यांत कुळाने नीळ लावलीच पाहिजे, अशी ‘तिनकठिया’ पद्धत होती. एप्रिल १९१७ मध्ये महात्मा गांधी तेथे गेले. जिल्हा सोडण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही व त्यांच्यावरील खटला शासनास काढून घ्यावा लागला. त्यानंतर राजेंद्र प्रसाद, ब्रजकिशोर प्रसाद इ. वकील सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. प्रत्येकाची उलटतपासणी करावयाची व जो तीत टिकणार नाही त्याची जबानी सोडून द्यावयाची, असा नियम होता. गुप्त पोलीस खात्याच्या अधिकाऱ्यासही तेथे बसू दिले जाई. त्यामुळे जबान्यांची विश्वसनीयता वाढली आणि अधिकाऱ्यासमोर बोलल्याने शेतकऱ्याची भीतीही ओसरली.

नीळ आयोगापुढे शासनाने बोलाविलेली रयत बोलली होती; येथे लोकांनीच आपली चौकशी उभी केली आणि शासनाला तिच्यामागून यावे लागले. शासकीय समितीवर गांधींना सभासद म्हणून घेण्यात आले व १९१८ च्या चंपारण कृषी कायद्याने तिनकठिया पद्धत रद्द झाली.

महाड (१९२७) : कागद अनुकूल असूनही लोकांच्या कृतीवाचून तो निर्जीव राहतो, याचे उदाहरण महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा इ. अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून ठराव केला. पण चवदार तळ्याचे पाणी कोणी अस्पृश्य घेऊ शकला नाही. १९–२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेनंतर प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले व त्यांनी पाणी घेतले. २५ डिसेंबर १९२७ रोजी दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. सुप्याच्या बाजारातील दहन संतप्त जमावाचे होते, तर महाडचे दहन चर्चा व ठराव करून झालेले होते. ज्या लेखात आपला शब्द नाही त्याचे प्रामाण्य नाकारणे, हा धागा मात्र दोहोंत समान आहे.

तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली, हे वादी सिद्ध करू शकले नाहीत. शतकानुशतके रूढीविरुद्ध पुरावा देण्याचा भार दलितांवर होता. येथे पुरावा देण्याची पाळी रूढीवर आली.

जलसे, पोवाडे व आंदोलने : साक्षरता अल्प असलेल्या समाजात विचारप्रसाराचे काम गायन व नाट्य यांनी केले. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा परिचित घाट घेऊन त्यात शिक्षण व कर्जमुक्ती यांचा आशय भरला. पुढे भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी ही परंपरा विस्तारली. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाचे अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर हे शाहीर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात अग्रभागी होते. या आंदोलनात मैदानावरील सभा, शाहिरी आणि वृत्तपत्रे ही तिन्ही माध्यमे एकत्र आली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी व जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले. आंदोलनात शंभरांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत कामगारांचा भरणा मोठा होता. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीला पश्चिम महाराष्ट्रात मोठे यश मिळाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

मौखिक साधने : वि. का. राजवाडे यांच्या पिढीने अस्सल कागदपत्रांवर भर देऊन मराठ्यांच्या इतिहासाला शास्त्रीय पाया दिला. या दृष्टीत तोंडी परंपरेला दुय्यम स्थान मिळाले. शं. तु. शाळिग्राम व एच. ए. ॲक्वर्थ यांनी संकलित केलेला पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही मुख्यतः इतिहासप्रसिद्ध व्यक्तींसंबंधीचा होता. सामान्यांच्या आठवणींकडे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढीस लागली. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या आम्हीही इतिहास घडवला (१९८९) या ग्रंथाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन, दप्तरांत न सापडणारा वृत्तांत पुढे आणला. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. अशा साधनांत सनावळी क्वचित मिळते; पण माहेर, कष्ट, दुष्काळ व जात यांविषयी स्त्रिया आपसांत काय बोलत, हे त्यांवाचून कळत नाही.

जनसुनवाई : स्वातंत्र्योत्तर काळात शासन लोकनियुक्त झाले, तरी कागद आणि वाणी यांतील अंतर उरले. राजस्थानात १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून पाली जिल्ह्यातील कोट किराणा व इतर गावी जनसुनवाया भरविल्या. मजुरीची हजेरीपत्रके व खर्चाच्या पावत्या भरसभेत मोठ्याने वाचून दाखविल्या जात आणि ज्यांची नावे त्यांत असत, ते लोक उठून खरेखोटे सांगत. कामावर न गेलेल्यांच्या, इतकेच नव्हे तर मृतांच्याही नावे मजुरी उचलल्याचे त्यातून उघड झाले. माहितीच्या अधिकाराची मागणी येथून बळावली. महाराष्ट्राने २००२ मध्ये आपला कायदा केला आणि केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अमलात आला. १८७५ मध्ये जाळण्यासाठी मागितलेला कागद आता वाचण्यासाठी मागितला जाऊ लागला, हा या सव्वाशे वर्षांतील मोठा पालट होय.

मर्यादा व मूल्यमापन : लोकवाणी ही स्वभावतःच न्याय्य असते, असे मानता येत नाही. अफवा व विद्वेष हीही समूहाचीच वाणी असते. १८९३ मध्ये मुंबईत झालेल्या हिंदु-मुसलमानांच्या दंग्यात हे दिसून आले. जबानीचे भाषांतर, संक्षेप व निवड दुसऱ्याच्या हाती असते. आयोगाने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अहवालात येत नाही. आठवणही काळाबरोबर बदलते. म्हणून तोंडी साधनांना लिखित साधनांइतक्याच कसोशीने पारखले पाहिजे. चंपारणमधील उलटतपासणीचा नियम या दृष्टीने अभ्यासकालाही मार्गदर्शक आहे.

तथापि या मर्यादांमुळे लोकवाणीचे कार्य कमी ठरत नाही. आठवड्याची सुटी, कर्जव्यवहाराची चौकशी, निळीच्या सक्तीचा अंत, पाणवठ्याचा हक्क आणि शासकीय कागद पाहण्याचा अधिकार या सर्वांच्या मुळाशी कोणीतरी सामान्य माणसाने चारचौघांत उठून सांगितलेली हकीकत आहे. त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासाला ज्ञात नाहीत. त्यांची वाणी जेथे ऐकली गेली, तेथे ती कायद्याच्या कलमात उतरली. जेथे ती ऐकण्यास कोणी नव्हते, तेथे तिने आग लावली.